खाडा

आमच्या शाळेच्या मागं एक जुनी खोली आहे. तिच्या निर्लेखनाचे, म्हणजे पाडायच्या मंजुरीचे, कागद कधीचे वर गेलेत, पण खोली अजून उभी आहे. पत्रे उतरवलेले, भिंतीला घाणेरी बिलगलेली, आणि पलीकडच्या अंगाला दुपारपर्यंत सावली. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरल्याला आठवडाही झाला नव्हता. खिचडी शिजवणाऱ्या ताई पोरांची जेवणं उरकल्यावर पातेल्याचं खरकटं पाणी टाकायला तिकडं गेल्या आणि पातेलं तसंच हातात धरून परत आल्या. म्हणाल्या, "मॅडम, तुमची तिसरीतली पोरगी तिकडं भिंतीला टेकून बसलीय." मी म्हटलं, ती तर आज आलीच नाही. सकाळी हजेरी घेताना मीच तिच्या नावापुढं लाल खूण केली होती. ताई काही बोलल्या नाहीत, नुसत्या बाजूला झाल्या.

ती तिथं होती. दप्तर मांडीवर घेतलेलं, दोन्ही वेण्यांना लाल रिबिनी, चपला काढून शेजारी नीट जोडीनं ठेवलेल्या. वर्गात शिरताना पोरं काढून ठेवतात तशा. मला बघून ती चटकन उभी राहिली. दोन वाजत आले होते. विचारलं, "कधीपासून बसलीस?" तर म्हणाली, "सकाळधरनं." का, तर उशीर झाला होता. मग आत का आली नाहीस, तर नुसती माझ्याकडं बघत राहिली. त्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक नसेल, हे तिला खरं वाटत नव्हतं. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "उशीर झाल्यावर तुम्ही भायेर उभं करता." आणि मग, आपली बाजू पडती वाटली म्हणून की काय, घाईघाईनं पुढं म्हणाली, "पण राष्ट्रगीताला मी उभी ऱ्हायले होते, मॅडम. हितंच."

हे वाक्य मला दोन वर्षं पुरलं आहे.

आमच्याकडं रोज सकाळी हजेरी झाली की हजर पोरांचा आकडा स्वयंपाकघरात सांगावा लागतो. पहिली ते पाचवीच्या एका पोरामागं शंभर ग्रॅम तांदूळ, असा हिशोब. एकतीस पोरं आली तर तीन किलो शंभर ग्रॅम. त्या दिवशी मी तीस सांगितले होते. म्हणजे भिंतीच्या या बाजूला फोडणीचा वास सुटला, पातेल्यावर डाव आपटला, पोरांच्या रांगेत ढकलाढकल झाली, हे सगळं तिनं भिंतीच्या त्या बाजूला बसून ऐकलं, आणि तिच्या वाटचे शंभर ग्रॅम त्या पातेल्यात पडलेच नव्हते. ताईंनी बुडाची खरपुडी खरवडून तिला दिली. ती मान खाली घालून खात होती आणि मी उगाच शेजारी उभी होते.

नियम माझाच होता. दहाला घंटा, घंटेबरोबर परिपाठ, आणि परिपाठ सुरू झाला की फाटक ओढून घ्यायचं. उशिरा आलेल्यांनी परिपाठ संपेपर्यंत फाटकाबाहेर उभं राहायचं, मग एकेकानं कारण सांगून आत यायचं. मारणं नाही, ओरडणं नाही. शिक्षण हक्क कायद्यानं मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींची मनाई केली आहे, हे मी प्रशिक्षणांत इतरांना समजावून सांगितलेलं आहे. बाहेर उभं करणं मला त्रासात बसतं असं कधी वाटलंच नाही. मला ती शिस्त वाटायची, आणि तिचा मला अभिमान होता. आमची द्विशिक्षकी शाळा, बालाघाटच्या डोंगराकडेला, तीसेक पट. केंद्रप्रमुख आले की म्हणायचे, तुमच्या शाळेचा परिपाठ बघण्यासारखा असतो. आणि तो होताच. ओळी सरळ, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष, मग दोन मिनिटं मौन. त्या मौनात लिंबावरचे होले ऐकू यायचे.

वेळेचं हे वेड वडिलांकडून आलं. ते एसटीत चालक होते. मुक्कामी गाडी घेऊन रात्री कुठल्यातरी खेड्यात झोपायचे आणि पहाटे साडेपाचला तीच गाडी काढायचे. लहानपणी सुट्टीत एकदोनदा मी त्यांच्याबरोबर गेले होते. अंधारात गाडीचा आवाज सुरू व्हायचा, काचांवर दव, आणि पाराशी घोंगड्या पांघरून उभी माणसं. एकदा एक जण लांबून हात करत पळत येत होता. वडिलांनी आरशात बघितलं आणि गाडी काढली. मी रडवेली झाले. तेव्हा ते म्हणाले, "याच्यासाठी दोन मिनिटं थांबलो, तर पुढच्या फाट्यावरची बाळंतीण दोन मिनिटं जास्त थंडीत उभी राहणार. मला दिसतो तो एकटाच माणूस नसतो." वेळ पाळणं म्हणजे न दिसणाऱ्या माणसाचा विचार करणं, हे मी त्यांच्याकडून शिकले आणि ते मला आजही पटतं. एक पोर पंधरा मिनिटं उशिरा येतं, वर्गात शिरताना तिघांच्या पाट्या तुडवतं, फळ्यावर काय चाललंय ते शेजाऱ्याला विचारतं, आणि नुकतं कुठं लागलेलं सगळ्यांचं चित्त उडतं. त्या शेजाऱ्याचाही मला विचार करावा लागतो. पण वडील गाडी चालवत होते. गाडीतल्या माणसाला उतरून कुठं जायचं, हे त्याचं त्याला माहीत होतं.

मी एकदा हिशोब मांडून पाहिला होता. कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाचे किमान २०० दिवस आणि शिकवण्याचे ८०० तास धरलेत, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. रोज दहा मिनिटं उशीर झाला तर वर्षाची २००० मिनिटं, म्हणजे तेहतीस तास गेले. आठ दिवसांहून जास्त शाळा नुसती फाटकाबाहेर. पालकसभेत मी हा हिशोब खडूनं फळ्यावर मांडून दाखवायची. महिन्याला दोनच दिवस बुडवले तरी दहा महिन्यांत वीस दिवस, वर्षातला दहावा हिस्सा. पालक मान डोलवायचे. आता त्या दिवशीचा हिशोब मांडते. तिला उशीर झाला होता वीस मिनिटं. माझ्या नियमामुळं तिची बुडाली ती चार तासांची शाळा आणि जेवण. फळ्यावर मांडायला हा हिशोबही सोपाच होता, मला तो सुचला नव्हता इतकंच.

आणि नेमका तो दिवस कोणता होता? त्या दिवशी आम्ही वजाबाकीतला दशक सुटा करत होतो. दहा-दहा काड्यांचे रबर लावलेले गठ्ठे सतरंजीवर पसरले होते. एकाच्या घरात दोनच काड्या आहेत, त्यातून आठ कशा द्यायच्या? शेजारच्या घरातला गठ्ठा आणायचा, रबर काढायचं, काड्या मोकळ्या करायच्या. रबर निघतानाचा तो चटकन होणारा आवाज आणि पोरांच्या तोंडावर पडणारा उजेड. हे एकदाच होतं. दुसऱ्या दिवशी आपण 'काल केलं तसं' म्हणतो आणि पुढं जातो. पुढचे कित्येक आठवडे तिच्या वहीत ४३२ वजा १५८ बरोबर ३२६ असं यायचं. आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन. ज्या अंकातून जे जाईल ते तिनं घालवलं होतं, नीट, सुवाच्य अक्षरात, दर वेळी त्याच पद्धतीनं. मोठ्या माणसाचा एक दिवस बुडाला तर तो दुसऱ्या दिवशी भरून काढतो, कारण काय बुडालं ते त्याला माहीत असतं. आठ वर्षांच्या पोराला आपलं काय बुडालं हेच माहीत नसतं. त्याला वाटतं, गणित हे असंच असतं, न कळणारं.

जोडाक्षरांचंही तसंच. 'प्रकाश'मधला र कुठं गेला आणि 'सूर्य'मधला डोक्यावर कसा जाऊन बसला, हे दोन-तीन दिवसांत उलगडायचं असतं. ते दिवस चुकलेलं मूल पुढं कित्येक वर्षं ते शब्द नजरेनं ओलांडून वाचतं. ऐकणाऱ्याला वाटतं, अडखळतंय. ते अडखळत नसतं, ते खड्ड्यावरून उडी मारत असतं. टाळेबंदीनंतर आम्ही हे सगळ्याच पोरांत पाहिलं. मार्च २०२० मध्ये बंद झालेली आमच्याकडची पहिली ते चौथीची शाळा पुन्हा उघडली ती १ डिसेंबर २०२१ ला. ज्यांचं नाव २०२० च्या जूनमध्ये पहिलीत घातलं होतं, ती पोरं पहिल्यांदा वर्गात बसली तेव्हा दुसरीत होती. त्यांना रांग माहीत नव्हती, पाळी माहीत नव्हती. पण ती सगळी एकत्र मागं पडली होती, म्हणून एकमेकांच्या सोबतीनं पुढं आली. एकट्यानं मागं पडलेल्या पोराला अशी सोबत नसते.

आमच्या लहानपणी शाळा बुडवणाराला आणायला चार दांडगी पोरं पाठवायचे. दोघं हात धरायचे, दोघं पाय, आणि उताणा लोंबकळणारा तो पोरगा आरडतओरडत वेशीतून शाळेपर्यंत यायचा. उचलबांगडी हा शब्द मी बदल्यांच्या बातम्यांत पुष्कळ उशिरा वाचला, आधी डोळ्यांनी बघितला होता. आम्ही हसायचो. ज्याची निघायची तो वर्गात आल्यावर भिंतीकडं तोंड करून बसायचा, सदरा वर सरकलेला, पाठीला माती. त्याला शाळेत आणला एवढं खरं, पण त्यानंतर त्याचं तोंड वर्गाकडं कधी वळलं नाही.

मग तांदूळ आले. पोषण आहार योजना १९९५ सालची. शिजवलेली खिचडी पुढं काही वर्षांनी आली, आधी कोरडे तांदूळ मिळायचे. महिन्याला तीन किलो, पण हजेरी ८० टक्के भरली तर. वाटपाच्या दिवशी आम्ही घरून शिवलेल्या थैल्या घेऊन जायचो. कुणाची जुन्या धोतराची, कुणाची साखरेच्या पोत्याची. गुरुजी हजेरीपट उघडून नावं वाचायचे. तांदळाला पोत्याचा वास असायचा, मधूनच एखादा किडा, पण ते डोक्यावरून घरी नेताना आपण काहीतरी कमावून आणलंय असं वाटायचं. आमच्या ओळीत एक पोरगा होता, शेळ्या राखायचा. आठवड्यातले तीन दिवस यायचा, म्हणून त्याचं नाव यादीत नसायचं. तरी तो दर महिन्याला थैली घेऊन यायचा. नावं वाचून संपेपर्यंत उभा राहायचा आणि मग थैलीची घडी घालून चड्डीच्या खिशात कोंबायचा. आज वाटतं, त्या तांदळानं आमच्यासारखी बरीच पोरं शाळेला लागली, हे खरं आहे. आणि ज्याच्या घरात तांदळाची सगळ्यात जास्त गरज होती त्याचीच हजेरी भरत नव्हती, हेही तेवढंच खरं. आधीच येऊ शकणाऱ्यांना तांदूळ मिळाले. पुढं अन्न शिजायला लागलं आणि जो ज्या दिवशी आला त्यानं त्या दिवशी खाल्लं, तेव्हा कुठं त्या अटीची गाठ सुटली.

एका रुपयाचंही मला असंच राहून राहून आठवतं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मूल शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. त्या काळी एक रुपया ही लहान रक्कम नव्हती. संस्थानाच्या लेखी मुलाचं शाळेत नसणं ही मोठी गोष्ट होती, हे त्या दंडावरून कळतं. पाऊणशे वर्षांनी, १९९२ पासून, महाराष्ट्रात गरीब घरांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना उपस्थिती भत्ता सुरू झाला. हजर राहिल्याच्या प्रत्येक दिवसाला एक रुपया, ७५ टक्के हजेरीची अट. वर्षाचे फार तर दोनशे वीस रुपये. मी नोकरीला लागले तेव्हाही तो रुपया एकच होता. वर्षाकाठी त्याच्या याद्या करताना, मुलींच्या नावापुढं एकशे अठ्ठ्याऐंशी, दोनशे चार असे आकडे लिहिताना माझा हात जड व्हायचा. कापूस वेचायला गेलेली बाई किलोमागं मजुरी घेते, आणि तिच्याबरोबर गेलेली दहा वर्षांची पोरगीही दिवसात चार-सहा किलो वेचते. त्या रुपयाला वावरातून पोरगी ओढून आणायची होती.

त्या दिवसानंतर दोन दिवसांनी मी सकाळी आठ वाजताच तिच्या वस्तीवर गेले. तिचे आईबाप दसऱ्यानंतरच कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यावर गेले होते. घरी आजी, ती आणि तीन वर्षांचा भाऊ. आजीनं मला बघून पदर सावरला. "मॅडम, तुम्ही कशाला आलाव इतक्या लांब? सांगावा धाडायचा." बोलता बोलताच ती भाकरी फडक्यात बांधत होती, कारण वेचणीच्या बायका तिच्यासाठी बांधावर थांबल्या होत्या. ती गेली, आणि पुढचा दीड तास मी माझ्या तिसरीतल्या मुलीचा दिवस बघितला. हापशावर तीन खेपा. हापशाच्या दांड्याला लोंबकळून, दोन्ही पाय उचलून, अंगाचा सगळा भार टाकल्याशिवाय तो खाली येत नव्हता. मग भावाचं तोंड धुणं, त्याला दुधात भाकरी चुरून भरवणं, त्याची चड्डी बदलणं. स्वतःच्या वेण्या तिनं आरशाशिवाय घातल्या, रिबिनीचं एक टोक दातात धरून. घरात घड्याळ नव्हतं. मोबाईल एकच, तो आजीच्या कमरेला. "तुला किती वाजले कसं कळतं?" म्हटलं, तर अंगणातल्या शेवग्याची सावली चुलीपाशी आली की निघायचं, असं म्हणाली. दिवाळीपर्यंत बरोबर पोचायची. दिवस लहान झाले तशी सावली सरकली आणि तिचं घड्याळ तिला न सांगताच मागं पडलं.

भावाला कडेवर घेऊन ती आधी अंगणवाडीत गेली. अंगणवाडी दुसऱ्या वस्तीवर, शाळेच्या उलट्या अंगाला. ताई अजून आल्या नव्हत्या. त्यांच्यामागं कसल्याशा पाहणीचं काम लागलं होतं. सकाळी घरं फिरून नोंदी करायच्या, त्या मोबाईलमध्ये भरायच्या, मग अंगणवाडी. त्यांचीही वीस मिनिटं कुणी घेतली होती. आम्ही तिघं ओट्यावर बसून राहिलो. पोरगी दर थोड्या वेळानं शाळेच्या दिशेला मान वळवायची. गावात आईबाप ऊसतोडीला गेलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह आहे. दोन्ही वेळचं जेवण तिथं मिळतं, आणि त्यामुळं आमच्या गावची कितीतरी पोरं बैलगाडीत बसून फडात जायची थांबलीत. पण त्या यादीत शाळेत नाव असलेलीच मुलं बसतात. तीन वर्षांचा भाऊ कुठल्याच यादीत नव्हता. तो तिच्या कडेवर होता.

त्या दिवशी शाळेत पोचायला मलाही उशीर झाला. दहा वाजून पंचवीस मिनिटं. सरांनी परिपाठ घेतला होता. फाटक ओढलेलं होतं, ते मी हातानं सरकवलं आणि आत गेले. मला कुणी कारण विचारलं नाही. पावसाळ्यात तालुक्याहून येताना ओढ्याला पाणी आलं म्हणून, गाडी पंक्चर झाली म्हणून, तहसीलला बैठक लागली म्हणून मी याआधीही उशिरा आले होते, आणि तेव्हाही ते फाटक माझ्यासाठी असंच उघडलं होतं. माझ्यामागून ती आत आली. माझ्या सावलीत चालत.

माझी बहीण पुण्यात राहते. तिची मुलगी पहिलीत असताना सकाळी सव्वासहाला व्हॅन यायची. त्या पोरीला झोपेतच मोजे चढवलेले मी पाहिलेत. व्हॅनमध्ये टेकवली की तिची मान पुन्हा कलंडायची. पुढं ८ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयानं चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरलं, तेव्हा बहिणीनं मला आनंदानं फोन केला, आणि तो आनंद मला समजला. पण आमच्याकडची पोरं पाचलाच उठलेली असतात. त्यांना झोप पुरत नाही ते शाळेमुळं नाही.

नियम मी मोडला नाही, हे सांगायला हवं. दहा म्हणजे दहाच, अजूनही. वेळेवर येणं ही लाडानं सोडून द्यायची गोष्ट आहे असं मला आजही वाटत नाही. उलट जिच्या घरी कुणीही अभ्यास घेणारं नाही, तिला ते चार तास पुरेपूर मिळायला हवेत. फाटक मात्र आता ओढत नाही. उशिरा आलेल्यानं गुपचूप येऊन ओळीच्या शेवटी उभं राहायचं, परिपाठातलं जे चाललं असेल ते म्हणायचं. कारण नंतर, जेवणाच्या सुट्टीत, बाजूला घेऊन. आणि कुणी आलंच नाही तर साडेदहाच्या आत त्या वस्तीवरच्या दुसऱ्या पोराला विचारायचं, सरांच्या किंवा माझ्या फोनवरून घरी कळवायचं. भाऊ तिच्याबरोबर यायला लागला. पहिलीच्या सतरंजीच्या कडेला बसतो, मण्यांची तार घेऊन. अंगणवाडीताईंशी बोलणं झालंय. त्यांचं काम उरकलं की त्याच येऊन त्याला घेऊन जातात.

आणखी एक गोष्ट केली. आमच्या शाळेची घंटा म्हणजे रुळाचा एक तुकडा, लिंबाच्या फांदीला तारेनं टांगलेला. पूर्वीच्या शाळांत पहिली घंटा आणि दुसरी घंटा असायची. कधीतरी ती पहिली घंटा बंद पडली, कारण सगळ्यांकडं घड्याळं आली असं आपण धरून चाललो. आता साडेनऊला मी स्वतः ती वाजवते. लोखंडावर लोखंड, बारा ठोके, सावकाश. वारा डोंगराकडून असला की आवाज तिच्या वस्तीपर्यंत जातो. उलटा असला की जात नाही, त्या दिवशी शेवग्याची सावली. पहिल्या दिवशी वाजवून मी फाटकाशी थांबले होते. दहाला सात मिनिटं कमी असताना लांब बांधावरून ती दिसली, कडेवर भाऊ, पळत नव्हती. चालत येत होती.

पाडव्यानंतर तिचे आईबाप परत आले. आई शाळेत आली ती थेट टोळीच्या गाडीतून उतरून आल्यासारखी, हातांवर पाचटानं कापलेल्या रेघा, नखांच्या कडा काळ्या. ओट्यावर टेकली, पाणी प्याली. मी म्हटलं, पोरगी वाचायला लागलीय, वजाबाकी येते आता. तिला ते ऐकून बरं वाटलं, पण तिला दुसरंच काही विचारायचं होतं. "हिचे खाडे किती झाले, मॅडम?" ऊसतोडीत एक दिवस फडावर गेलं नाही की तो खाडा. तापानं फणफणलं तरी खाडा, बाळंत झालं तरी खाडा, आणि त्याचे पाचशे-पाचशे रुपये मुकादम आधी दिलेल्या उचलीतून कापून घेतो. सहा महिने दिवस मोजत काढलेली बाई ती. लेकीचेही दिवस तिला तसेच मोजून हवे होते.

मी हजेरीपट आणला. तिला अक्षरओळख नाही, पण खुणा तिनं पटकन ओळखल्या. सकाळची तिरपी रेघ, दुपारची तिला छेदणारी, म्हणजे भरलेला दिवस. लाल म्हणजे खाडा. लेक शेजारी उभी राहून नाव दाखवत होती आणि आई बोट फिरवत एकेक चौकोन पुढं सरकत होती. तीन लाल तापाचे निघाले. एक मामाच्या लग्नाचा. मग तिचं बोट दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यातल्या एका चौकोनावर थांबलं.

"आन ह्यो कशाचा?"

पोरगी खाली बघायला लागली.

"तो माझा," मी म्हटलं.

तिला ते कळलं नसावं. तिनं मान हलवली, आणि तिचं बोट पुढच्या चौकोनावर गेलं.